प्रश्न तुमचे : फोटोची नक्कल रिकामी का निघाली?

या महिन्यातली पाच पत्रं एकाच विषयाची निघाली : सी भाषेत फाइलमधून एकेक अक्षर वाचणं. सेमिस्टरचे दिवस आहेत, प्रॅक्टिकलच्या वह्या भरायच्या आहेत, त्यामुळे असेल. पण त्यातलं एक पत्र महूच्या ७२ वर्षांच्या वाचकांचं आहे आणि त्यांना कुठलीही वही भरायची नाही. कोड जसाच्या तसा न छापता वाक्यांत सांगते आहे. फंक्शनांची नावं वर्गात जशी उच्चारतो तशीच लिहिली आहेत.

प्रश्न : मॅडम, सप्रेम नमस्कार. मी इंदूरलाच इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. एका फाइलची नक्कल दुसऱ्या फाइलमध्ये करायचा प्रोग्राम आम्हाला दिला होता. मी एफओपनने दोन्ही फाइली उघडल्या, कॅर प्रकारचा (एक अक्षर ठेवायचा) सी नावाचा व्हेरिएबल घेतला, एफगेटसीने एकेक अक्षर त्यात वाचत गेले आणि ईओएफ, म्हणजे फाइल संपल्याचा निरोप, येईपर्यंत एफपुटसीने लिहीत गेले. आमच्या गल्लीतल्या गणपतीच्या वर्गणीची यादी मी मराठीत टाइप केली होती, तिची हुबेहूब नक्कल निघाली. मग आजोबांचा राजवाड्यासमोरचा जुना फोटो स्कॅन केलेला होता, तो घातला. नक्कल शून्य बाइटची! फाइल तयार होते, आत काही नसतं. तोच प्रोग्राम मोबाइलवर टर्मक्स या ॲपमध्ये चालवला तर थांबेचना. नक्कल फुगत गेली आणि मोबाइलची जागा संपली. सरांना विचारलं तर म्हणाले, फोटोची फाइल वेगळी असते, सिलॅबसमध्ये टेक्स्ट फाइलच आहे, तेवढंच कर. पण एकच प्रोग्राम एकीकडे लगेच थांबतो आणि दुसरीकडे थांबतच नाही, हे कसं?
— एक विद्यार्थिनी, इंदूर

उत्तर : तुझं पत्र आलं त्याच आठवड्यात तुला मी घरी बोलावलं. लॅपटॉप घेऊन तू रामबागेत आलीस आणि जेवणाच्या टेबलावर बसून आपण दोघींनी जे बघितलं, ते बाकीच्या वाचकांसाठी लिहिते आहे.

आपण आधी तो फोटोच उघडला, पण चित्र म्हणून नव्हे, आकडे म्हणून. उबंटू या लिनक्स ऑपरेटिंग सिस्टिमवर ओडी नावाची आज्ञा असते. तिला फाइलचे पहिले दहा बाइट दशमान आकड्यांत दाखवायला सांगितले. पडद्यावर ओळ आली : २५५ २१६ २५५ २२४ ० १६ ७४ ७० ७३ ७०. शेवटचे चार आकडे म्हणजे जे, एफ, आय, एफ ही इंग्रजी अक्षरं, म्हणजे फोटो कुठल्या पद्धतीने साठवला त्याची खूण. आपल्याला हवा होता तो अगदी पहिला आकडा, २५५. जेपेग प्रकारचा कोणताही फोटो घे, लग्नातला, पावतीचा, आधार कार्डाचा, त्याचे पहिले दोन बाइट २५५ आणि २१६ हेच असतात.

मग वर्गणीची यादी. तुझ्या आईने शिकवल्याप्रमाणे तू कागदाच्या डोक्यावर ‘श्री’ लिहिलं होतंस. त्याचे आकडे आले २२४ १६४ १८२, २२४ १६५ १४१, २२४ १६४ १७६, २२४ १६५ १२८. पूर्ण यादी तपासली, २५५ कुठेही नाही. दोन फाइलींतला जो फरक तुला छळत होता तो एवढाच.

आता एफगेटसी नक्की काय देतं ते बघ. एका बाइटमध्ये ० ते २५५ यांपैकी एक आकडा बसतो, म्हणजे एकूण २५६ शक्यता. या सगळ्या फाइलमध्ये खरोखर येऊ शकतात. पण एफगेटसीला आणखी एक निरोप द्यायचा असतो : आता काही उरलं नाही. हा २५७वा निरोप. तो त्या २५६ आकड्यांपैकी एखादा वापरून दिला, तर तो आकडा फाइलमध्ये खराच आल्यावर काय करायचं? म्हणून एफगेटसी आपलं उत्तर इंटमध्ये, म्हणजे कॅरपेक्षा मोठ्या पूर्णांकाच्या प्रकारात, देतं. बाइट मिळाला तर ० ते २५५, काही उरलं नसेल तर ईओएफ. हा ईओएफ ऋण आकडा असला पाहिजे, एवढंच सी भाषेचं प्रमाण सांगतं. जवळजवळ सगळीकडे तो उणे १ असतो. म्हणजे २५५ वेगळा आणि उणे १ वेगळा, एफगेटसीच्या बाजूने काहीही घोटाळा नाही.

घोटाळा तुझ्याकडे होतो, तो उत्तर कॅरमध्ये ठेवताना. शाळेच्या भिंतीवर २५६ खुंट्या आणि वर्गात २५७ मुलं असतील, तर कुठल्या तरी दोन मुलांची दप्तरं एकाच खुंटीला लागणार. कॅर एका बाइटचा. त्यात २५७ वेगळी उत्तरं मावत नाहीत. २५५ आणि उणे १ एकाच खुंटीला लागतात, आणि नंतर तू खुंटीकडे बघून विचारतेस, हे दप्तर कुणाचं?

तुझा लॅपटॉप आणि तुझा मोबाइल या प्रश्नाला वेगवेगळी उत्तरं देतात. इंटेल किंवा एएमडीचा प्रोसेसर असलेल्या लॅपटॉपवर जीसीसी हा कंपायलर (प्रोग्रामचं यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारा) साधा कॅर चिन्हासहित धरतो, म्हणजे उणे १२८ ते १२७. एका बाइटमध्ये आठ बिट, म्हणजे ० किंवा १ असे आठ अंक, असतात. २५५ म्हणजे आठही बिट १. तेच आठ बिट चिन्हासहित वाचले की उणे १ होतात. फोटोचा पहिलाच बाइट २५५, तो कॅरमध्ये गेला आणि उणे १ झाला, ईओएफशी तुलना केली, जुळला, लूप संपला. एकही बाइट लिहायच्या आधी. म्हणून शून्य बाइट.

मोबाइलचा प्रोसेसर एआरएम जातीचा. तिथे अँड्रॉइडवर साधा कॅर बिनचिन्हाचा, ० ते २५५. फोटो पूर्ण वाचून होतो, शेवटी एफगेटसी उणे १ देतं, तो कॅरमध्ये ठेवताना २५५ होतो. मग २५५ ची उणे १ शी तुलना. ते कधीच सारखे होणार नाहीत. प्रोग्राम २५५ लिहितो, पुन्हा विचारतो, पुन्हा उणे १, पुन्हा २५५ लिहितो. तुझ्या मोबाइलची सगळी जागा या २५५ने भरली. मी तुला तेव्हा म्हटलं, वर्गणीची यादी मोबाइलवर घालून बघ. तू घातलीस आणि तीही थांबली नाही, लगेच कंट्रोल-सी दाबावं लागलं. फोटोचा यात काही दोष नव्हता.

साधा कॅर चिन्हासहित की बिनचिन्हाचा, हे सी भाषेने कंपायलरवर सोडलं आहे, आणि त्याला कारण आहे. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला डेनिस रिची बेल लॅब्जमध्ये सी घडवत होते तेव्हा त्यांच्यासमोर पीडीपी-११ हे यंत्र होतं. ते बाइट मेमरीतून प्रोसेसरच्या रजिस्टरमध्ये घेताना चिन्ह पसरवत असे, म्हणजे बाइटचा पहिला बिट १ असेल तर तो आकडा ऋण धरत असे. पुढे सी दुसऱ्या यंत्रांवर गेली, त्यांतली काही तसं करत नव्हती. १९८९ मध्ये अमेरिकेत भाषेचं प्रमाण ठरलं तोवर दोन्ही प्रकारची यंत्रं सी चालवत होती, म्हणून दोन्ही पद्धतींना मुभा राहिली. तुझ्या पिशवीत आज ही दोन्ही घराणी शेजारी शेजारी बसलेली आहेत.

दुरुस्ती एका शब्दाची. कॅर सी ऐवजी इंट सी लिही. आधी ईओएफशी तुलना, मग लिहायचं. तू बदललंस, पुन्हा चालवलंस, आणि सीएमपी या आज्ञेने मूळ फाइल आणि नक्कल ताडून बघितलीस. सीएमपी काहीच बोललं नाही. ‘चाललं नाही का?’ असं तू विचारलंस. अगं, दोन फाइली बाइटागणिक सारख्या असल्या की ते गप्प राहतं. मग तू नक्कल उघडलीस, आणि काळी टोपी घातलेले तुझे आजोबा राजवाड्याच्या दरवाजासमोर उभे होते, मागे सात मजल्यांपैकी चार फोटोत मावलेले.

आणखी एक सवय आत्ताच लाव. फाइल उघडताना आर आणि डब्ल्यूच्या पुढे बी लिही. लिनक्सवर त्याने फरक पडत नाही, विंडोजवर पडतो. बी नसेल तर विंडोज फाइल टेक्स्ट समजतं, १३ आणि १० ही जोडी आली की तिचा एकटा १० करून देतं, आणि २६ हा बाइट दिसला की फाइल संपली असं मानतं. डॉसच्या आणि त्याआधीच्या सीपीएम या ऑपरेटिंग सिस्टिमच्या काळापासून चालत आलेली ही रीत आहे. पीएनजी चित्रांचे पहिले आठ बाइट १३७ ८० ७८ ७१ १३ १० २६ १० असे मुद्दाम निवडलेले आहेत. कुणी चित्र चुकून टेक्स्ट म्हणून हाताळलं की ती ओळ बिघडते आणि चूक पहिल्या आठ बाइटांतच पकडली जाते. मला ही योजना फार आवडते.

आता तुझ्या सरांच्या म्हणण्याबद्दल. ‘टेक्स्ट फाइलच आहे, तेवढंच कर’ हे मला अजिबात पटत नाही, आणि त्याचं कारण माझ्या स्वतःच्या आयुष्यातलं आहे. १९९० नंतरची गोष्ट. युनिकोड, म्हणजे सगळ्या लिप्यांच्या अक्षरांना एकच क्रमांकपद्धत, अजून आपल्यापर्यंत पोहोचलं नव्हतं. इथल्या एका संस्थेची सभासदांची यादी एका मराठी फाँटमध्ये टाइप केलेली होती, त्यावरून पाकिटांवर पत्ते छापायचा प्रोग्राम मी लिहून दिला. त्यात कॅर होता. त्या काळचे फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांच्या जागी आपल्या अक्षरांचे तुकडे बसवलेले, आणि त्या फाँटमध्ये २५५ क्रमांकावर एका जोडाक्षराचा अर्धा भाग होता. दोनशे-सव्वादोनशे नावांनंतर एका आडनावात ते जोडाक्षर आलं. प्रोग्राम तिथेच संपला. चूक दाखवली नाही, अर्धवट ओळ छापली नाही, शहाण्यासारखा बंद झाला. पाकिटांचा गठ्ठा बराच जाड दिसत होता, कुणी मोजला नाही.

कोजागरीचा कार्यक्रम झाला. त्यानंतर काही दिवसांनी भाजी घेताना एक आजी मला भेटल्या. दरवर्षी पहिल्या रांगेत बसणाऱ्या. त्यांनी मला इतकंच विचारलं, ‘या वर्षी आम्हाला बोलावलं नाहीत, आमचं काही चुकलं का?’ मी त्यांचं आडनाव मनात म्हटलं आणि घरी जाऊन यादी काढून बसले. तीन रात्री लागल्या ते २५५ सापडायला. त्यानंतर वर्गात शिकवलं तेव्हा पहिल्या तासाला इंटबद्दल सांगितल्याशिवाय मी एफगेटसी फळ्यावर लिहिलं नाही.

आजच्या टेक्स्ट फाइलीतही २५५ येतो, बरं का. विंडोजच्या नोटपॅडमध्ये मराठी मजकूर ‘यूटीएफ-१६ एलई’ हा युनिकोड साठवायचा पर्याय निवडून सेव्ह करून बघ. त्या फाइलचे पहिले दोन बाइट असतात २५५ आणि २५४. तुझा जुना प्रोग्राम तिच्यापुढेही पहिल्याच पावलावर थांबेल. वर्गणीची यादी बचावली ती यूटीएफ-८ या युनिकोड साठवायच्या दुसऱ्या पद्धतीमुळे. ही पद्धत १९९२ मध्ये केन थॉम्पसन आणि रॉब पाइक यांनी आखली, आणि तिच्यात २५४ व २५५ हे बाइट कधीच वापरले जात नाहीत. थॉम्पसन यांनीच सीच्या आधीची बी ही भाषा लिहिली होती.

प्रश्न : मॅडम, मी व्हाइलमध्ये ‘फीऑफ होत नाही तोवर’ अशी अट घातली आहे. आत एफगेटसी आणि लगेच एफपुटसी. इंट वापरला आहे, तरी नक्कल मूळ फाइलपेक्षा एका बाइटने मोठी होते. शेवटी वाय अक्षरावर दोन टिंबं असं काहीतरी दिसतं. मित्र म्हणतो कंपायलर जुना आहे.
— एक विद्यार्थी, देवास

उत्तर : कंपायलर ठीक आहे. अट चुकीच्या जागी आहे. फीऑफ पुढे काय आहे ते सांगत नाही, मागे काय झालं ते सांगतं. फाइलच्या शेवटापलीकडे वाचायचा प्रयत्न होऊन तो फसला, की मगच ही खूण चढते.

तीन बाइटांची फाइल घे. तिसरा बाइट वाचून झाला, पण अजून पलीकडे कुणी हात घातलेला नाही, म्हणून फीऑफ म्हणतं ‘नाही’. लूप चौथ्यांदा आत शिरतो, एफगेटसी उणे १ देतं, आणि तू तो न बघता एफपुटसीच्या हाती देतोस. एफपुटसी त्याचा बाइट करतं, तो होतो २५५, आणि जुन्या पाश्चात्त्य वर्णसंचात २५५ म्हणजे वायवर दोन टिंबं. तुझा पाहुणा तोच.

पास्कलमध्ये ईओएफ विचारलं की ते आधीच पुढे डोकावून सांगत असे. माझ्या पिढीने पास्कल आधी शिकलं, म्हणून आमच्या हातून ही चूक हमखास व्हायची. तुमची पिढी ती आमच्या जुन्या नोट्समधून उचलते आहे, असं मला वाटतं. अट एफगेटसीच्या उत्तरावरच घाल. फीऑफची जागा लूपच्या नंतर आहे, कारण एफगेटसी फाइल संपली तरी ईओएफ देतं आणि वाचताना बिघाड झाला तरी ईओएफच देतं. वाचता वाचता कुणी पेनड्राइव्ह उपसला तर लूप नेहमीसारखाच संपेल. तेव्हा एफएररला विचारायचं. ते ‘हो’ म्हणालं तर नक्कल अर्धवट आहे.

प्रश्न : ताई, सादर नमस्कार. निवृत्तीनंतर नातवाकडून सी शिकतो आहे. वडिलांची रोजनिशी मी मराठीत टाइप केली आहे. त्यात किती अक्षरं आहेत आणि कोणतं अक्षर किती वेळा आलं ते मोजायची हौस आहे. प्रोग्राम ‘इंदूर’ या शब्दाची १५ अक्षरं सांगतो. अक्षरागणिक मोजायला २५६ घरांचा ॲरे केला तर कधी भलतेच आकडे येतात, कधी प्रोग्राम कोसळतो. इंग्रजी मजकुरावर सगळं बरोबर चालतं. सी भाषेला मराठी समजत नाही का?
— एक वाचक, महू

उत्तर : दादा, सादर नमस्कार. तुमचं पत्र मी दोनदा वाचलं. वडिलांच्या रोजनिशीसाठी या वयात सी शिकायला बसलात, तुमच्या नातवालाही शाबासकी द्या.

सी ज्याला कॅरेक्टर म्हणतं तो खरं तर बाइट आहे. इंग्रजीत एक अक्षर म्हणजे एक बाइट, म्हणून तिथे भेद कळत नाही. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीचं प्रत्येक चिन्ह तीन बाइट घेतं. ‘इंदूर’मध्ये चिन्हं पाच : इ, अनुस्वार, द, दीर्घ ऊकार, र. पाच त्रिक पंधरा. एफगेटसीने तुम्हाला पंधरा बाइट दिले आणि तुम्ही ते प्रामाणिकपणे मोजले.

प्रोग्राम कोसळतो त्याचं कारण पुन्हा तो साधा कॅर. देवनागरीचा पहिला बाइट नेहमी २२४. चिन्हासहित कॅरमध्ये तो उणे ३२ होतो. ॲरेचं उणे बत्तिसावं घर म्हणजे शेजाऱ्याच्या घरात शिरून भिंतीवर रेघा ओढणं. कधी शेजारी काही बोलत नाही आणि आकडे बिघडतात, कधी प्रोग्रामच बंद पडतो. इंग्रजी अक्षरं १२७ च्या आत असल्याने ती ऋण होत नाहीत. इंट घ्या, घरं ० ते २५५ मध्येच राहतील.

तरी अक्षरं मोजायची राहिलीच. पहिली पायरी चिन्हं मोजायची. यूटीएफ-८ मध्ये चिन्हाचे मधले आणि शेवटचे बाइट नेहमी १२८ ते १९१ या पट्ट्यात असतात आणि पहिला बाइट कधीच त्या पट्ट्यात नसतो. म्हणून एफगेटसीने वाचत जा आणि या पट्ट्याबाहेरचे बाइट तेवढे मोजा. ‘इंदूर’साठी पाच येतील.

पण आपण मराठी माणसं ‘इंदूर’मध्ये अक्षरं तीन मोजतो : इं, दू, र. आणि ‘क्षिप्रा’मध्ये दोन, जरी त्यात चिन्हं आठ आणि बाइट चोवीस असले तरी. त्यासाठी दुसरी पायरी. तीन बाइट जमवून एक चिन्ह करा. चिन्ह स्वर किंवा व्यंजन असेल तर एक मोजा, मात्रा, अनुस्वार, विसर्ग सोडून द्या. आणि व्यंजनाच्या लगेच आधी हलन्त आला असेल तर ते व्यंजन मोजू नका, ते आधीच्याला जोडलेलं आहे. हलन्ताचे बाइट २२४ १६५ १४१, वर ‘श्री’मध्ये ते येऊन गेले आहेत. ‘क्षिप्रा’ या नियमाने हातावर करून बघा : क मोजला, ष हलन्तामागून आला म्हणून सोडला, प मोजला, र सोडला. दोन. जागा आणि विरामचिन्हं अर्थातच मोजायची नाहीत.

सीमध्ये एफगेटडब्ल्यूसी नावाचं फंक्शनही आहे. सुरुवातीला सेटलोकेल बोलावलं आणि मशीनवर यूटीएफ-८ची व्यवस्था असली तर ते तीन बाइट स्वतः जमवून पूर्ण चिन्ह देतं. त्याचंही उत्तर ठेवायला विंट-टी नावाचा मोठा प्रकार ठेवला आहे आणि शेवटचा निरोप डब्ल्यूईओएफ. कारण तेच. पण तुम्ही आधी हाताने बाइट जमवा असा माझा आग्रह आहे. रोजनिशीचं एक पान पुरे. वडिलांच्या हातचं प्रत्येक जोडाक्षर कसं बांधलेलं आहे ते तुम्हाला बाइटाबाइटाने दिसेल. ळ किती वेळा आला तेवढं मला जरूर कळवा. माळव्यात राहून ‘ळ’ किती टिकला, याचं मला फार कुतूहल आहे.

प्रश्न : फाइल छापली तर मजकुराऐवजी फक्त चौकोन दिसतात. चौकोन मात्र फाइलमध्ये जितके बाइट आहेत तितकेच. इंट आहे, ईओएफशी तुलना आहे.
— एक विद्यार्थिनी, उज्जैन

उत्तर : कंस राहिला. तू लिहिलंस, सी बरोबर एफगेटसी, असमान ईओएफ, सगळं एका दमात. सीच्या नियमाप्रमाणे तुलना आधी होते आणि मूल्य देणं नंतर. म्हणून सीमध्ये अक्षर न जाता तुलनेचा निकाल जातो : असमान असेल तर १. तू प्रत्येक बाइटच्या जागी १ हा बाइट छापते आहेस, त्याला दिसण्यासारखं रूप नाही, म्हणून चौकोन. ‘सी बरोबर एफगेटसी’ हा भाग स्वतंत्र कंसात घाल. कंपायलरला डब्ल्यूऑल हा पर्याय देऊन चालवलंस तर तो स्वतःच इथे कंस सुचवतो. इशारे बंद ठेवून प्रोग्राम लिहू नकोस.

प्रश्न : एकेक अक्षर वाचायचं म्हणजे प्रत्येक अक्षरासाठी डिस्कवर जायचं, असं एका मुलाखतीत मी सांगितलं आणि समोरचे हसले. मग एफगेटसी कसं चालतं? गेटसी वेगळं आहे का? आणि फाइलच्या शेवटी ईओएफ नावाचं अक्षर कुठे साठवलेलं असतं? फाइलचे बाइट हेक्समध्ये (सोळा पायाच्या आकड्यांत) बघितले, तरी मला ते सापडलं नाही.
— एक नोकरी शोधणारा तरुण, इंदूर

उत्तर : हसायला नको होतं त्यांनी, समजावून सांगायला हवं होतं. मधे एक बफर असतो. पहिल्यांदा एफगेटसी म्हटलं की लायब्ररी ऑपरेटिंग सिस्टिमकडून एकदम मोठा घास घेते. माझ्या उबंटूवर तो ४०९६ बाइटांचा आहे. पुढची चार हजार पंचाण्णव अक्षरं त्या बफरमधूनच मिळतात, डिस्कचा संबंध येत नाही. गेटसी हेच काम करतं, फक्त त्याला मॅक्रो म्हणून, म्हणजे कंपाइल होताना नावाच्या जागी मजकूर उतरवला जाईल असं, लिहायची मुभा आहे. तेव्हा त्याच्या कंसात फाइल पॉइंटर पुढे सरकवण्यासारखं काही लिहू नका, ते दोनदा घडू शकतं.

ईओएफ तुम्हाला सापडलं नाही कारण लिनक्सच्या फाइलमध्ये ते नसतंच. एसट्रेस नावाची आज्ञा प्रोग्रामने ऑपरेटिंग सिस्टिमला मारलेली प्रत्येक हाक दाखवते. ती लावून १२,००० बाइटांची फाइल एफगेटसीने वाचा. इतर ओळींच्या गर्दीत तुमच्या फाइलच्या रीड नावाच्या ओळी शोधा. पहिल्या ओळीच्या शेवटी ४०९६, दुसरीच्या ४०९६, तिसरीच्या ३८०८. आणि मग चौथी ओळ : मागितले ४०९६, मिळाले ०. त्या शून्यालाच एफगेटसी उणे १ करून तुमच्या हातात देतं.